दोन चाव्यांची पेटी

मी एक जुनी लोखंडी पेटी आहे, मित्रांनो. वीज उपकेंद्राच्या भिंतीवर माझे घर आहे. मला कुलपे दोन, आणि याच गोष्टीचा मला मोठा अभिमान आहे.

माझ्या पोटात बटणांची रांग आहे. प्रत्येक गल्लीचे एक बटण. विजेची मागणी फार वाढली की थोडा वेळ कुठली तरी गल्ली बंद ठेवावी लागते. तारा सरकारच्या, पण कुठली गल्ली बंद करायची हे सांगणारा हुशार संगणक एका खासगी कंपनीचा. दोघांवर देखरेख ठेवणाऱ्या वीज आयोगाने नियम घातला, की माझी एक चावी सरकारकडे राहील, दुसरी कंपनीकडे. बटण दाबण्याआधी दोघांनी माझ्या झाकणाच्या आत चिकटवलेली यादी वाचायची. आजाऱ्यांची यंत्रे जिथे विजेवर चालतात, अशा घरांची ती यादी. झाकण नुसत्या कडीने बंद होते; दोन्ही कुलपे आत बटणांवरच्या जाळीला आहेत.

सरकारी चावी अभियंता ताईंकडे असे. कंपनीच्या तंत्रज्ञाला सगळे झटपटराव म्हणत. दोन कुलपे म्हणजे त्याला नुसता खोळंबा वाटे. 'एका दाराला दोन राखणदार, मग पाहुणा उन्हात,' असे तो चिडवायचा. ताई हसून सोडून देत. पुढे बरीच वर्षे माझी गरजच पडली नाही. बिजागरी गंजली. कुणीतरी माझ्या कडीला छत्री अडकवू लागले. वाईट वाटायचे, पण सांगणार कुणाला?

मग एका दुपारी ऊन असे तापले, की घरोघरी पंखे थांबेनात आणि उपकेंद्राचे रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, चटके देऊ लागले. संगणकाने सांगितले, तीन नंबरची गल्ली बंद करा. झटपटराव धावतच आला.

"ताई, आमच्या नोंदीत त्या गल्लीत कुणी आजारी नाही. दाबू या."

"आधी झाकणावरचं वाच. मोठ्यानं."

"रोहित्र जळायला आलंय आणि तुम्हाला वाचन सुचतंय?"

"वाच रे बाबा."

तो भराभर वाचू लागला आणि शेवटच्या ओळीवर अडखळला. ती पेन्सिलीने लिहिलेली होती. 'शिंप्याची आई. श्वासाचे यंत्र. सोमवारपासून गल्ली तीन.' शिंप्याने घर बदलल्याचे उपकेंद्राच्या खिडकीशी येऊन सांगितले होते. ताईंनी ते लिहून ठेवले, पण कंपनीला कळवायचे राहून गेले.

"हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही," तो हळूच म्हणाला.

"नाही सांगितलं. चूक माझी."

त्याने लगेच कंपनीच्या कचेरीत फोन लावून दुसरी गल्ली विचारली. कापडबाजाराचे नाव आले. दोघांनी यादी पुन्हा तपासली, मगच दोन्ही चाव्या फिरवून बटण दाबले. अर्धा तास बाजार घामाघूम झाला. शिंप्याच्या आईला मात्र काही कळलेही नाही.

ताईंनी आपली चूक स्वतःच आयोगाला कळवली. आता दर सोमवारी दोघे मिळून यादी वाचतात आणि संगणकात भरतात. माझ्या बिजागरीला तेल झटपटराव स्वतः घालतो. पेन्सिलीची ती ओळ त्याने शाईने गिरवली आहे.

मित्रांनो, कितीही हुशार यंत्र आले तरी आधी झाकण उघडून वाचा. आणि हो, माझ्या कडीला छत्री अडकवू नका. तीन नंबरच्या गल्लीत कुणीतरी श्वास घेत आहे.