आधी पकड

ओला पंचा पिळून शिगेकोने तो वडिलांच्या मनगटाभोवती गुंडाळला. मनगट वांग्यासारखं काळंनिळं पडलं होतं.

"कुणी मारलं?" बाबांनी विचारलं.

"मीच, बाबा."

"छान मारलंस. कोपर आत ठेवलंस."

आदल्या संध्याकाळी ते तिच्यावर धावून आले होते. ऊन उतरलं की त्यांना ती ओळखू यायची नाही. घरात कुणी परकी बाई शिरली आहे असं त्यांना वाटायचं, आणि ऐंशी ओलांडलेला तो देह जुन्याच वेगाने मूठ उगारायचा. तिने हात आडवा घातला, तो काही ठरवून नव्हे. इतोमान गावातल्या याच घरामागच्या अंगणात त्यांनीच तो हात लहानपणापासून घडवला होता. कराटेत अडवणं हाही एक घावच असतो. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब.

दुपारी तिचा धाकटा भाऊ मासानोरी नाहा शहरातून आला. मनगट पाहून त्याने चहाला हातसुद्धा लावला नाही.

"ताई, रविवारी मी त्यांना घेऊन जातो. डोंगरावरच्या दवाखान्यात जागा मिळाली आहे."

"तिथं हात बांधून ठेवतात रे. मी पाहून आले आहे."

"आणि इथं तू ते तोडून ठेव."

तिने पेला उचलला आणि त्यातला चहा जास्वंदीच्या मुळाशी ओतला.

मार खायला ती भीत नव्हती. तिला धरता येत नव्हतं. पन्नाशीला आलेल्या तिच्या हातांना फोडता यायचं, ढकलता यायचं. घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला न दुखवता धरून ठेवायची एकही युक्ती त्या हातांत नव्हती. "कराटे आलं की दुसरं काही लागत नाही," असं बाबा सगळ्यांना सांगायचे, आणि तिने ते मानलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांना शेजारणीकडे बसवून ती ज्यूदोच्या आखाड्यात गेली. तिथले जाडजूड गुरुजी तिला पाहून हसले.

"तामाशिरोंची लेक आमच्या दारात! अहो, तुमचे वडील तर म्हणायचे, ज्यूदोवाले चटईवर झोपा काढतात."

"ते आता काही म्हणत नाहीत," शिगेको म्हणाली. "मला कुणाला तरी धरून ठेवायला शिकवा. चार दिवसांत."

गुरुजींनी एका तरण्या पोलिसाला आडवं केलं आणि त्याच्या छातीवर आपला सगळा भार टाकला. पोलिसाचं तोंड लालबुंद झालं.

"आता हा रेड्यासारखा असला तरी हलायचा नाही. तुम्हाला धरायचंय कुणाला?"

"वडिलांना."

गुरुजी सावकाश उठले. सुटलेला पट्टा त्यांनी पुन्हा बांधला आणि तिच्याकडे न पाहता म्हणाले, "मग हे नको, बाई."

मग ती नाहाला आयकिदो शिकवणाऱ्यांकडे गेली. त्यांनी तिचं मनगट नुसतं दोन बोटांनी वळवलं आणि कळ खांद्यापर्यंत गेली. तिला तो ओला पंचा आठवला. ती वाकून नमस्कार करून निघाली आणि बसमध्ये सगळा रस्ता खिडकीकडे तोंड करून बसली.

शनिवारी ती बंदरावर झेनकिचीकडे गेली. म्हातारा जाळं सांधत बसला होता. गावच्या जत्रेत एकमेकांच्या कमरेचा पट्टा धरून कुस्त्या व्हायच्या, त्यांचा तो पंच.

"बायकांना मी शिकवत नाही," तो मान वर न करता म्हणाला. "आणि कराटेवाल्यांना तर मुळीच नाही. तुम्ही चार हात लांबून भांडणारी माणसं."

"काका, उद्या ते माझ्या बाबांना नेणार आहेत."

झेनकिचीची सुई थांबली. त्याने तिला कट्ट्यावर बसवलं, गुळाचा खडा पुढे केला, सगळं ऐकून घेतलं.

"आमच्यात आधी पकड," तो अखेर म्हणाला. "छातीला छाती, हात एकमेकांच्या पट्ट्यात, हनुवटी खांद्यावर. मग पंच आवाज देतो, तेव्हा कुस्ती. आवाज नाही तोवर कुणी हलायचं नाही. कुणी हललं तर गावभर छी थू."

"मग मी नुसतंच धरायचं?"

"नुसतंच धरणं सोपं वाटतं होय तुला? जवळ जावं लागतं." त्याने पेटीतून दोन पट्टे काढले, एक तांबडा, एक पांढरा. "बाकीचं बापाला विचार, तरुणपणी तोही यात उतरायचा." आणि मग जरा ओशाळून, "हो, आता काय विचारणार म्हणा."

रविवारी मासानोरी सकाळीच येणार होता. पण त्याला आपल्या दुकानातून निघेपर्यंत ऊन कलंडलं. सकाळी शिगेकोने स्वतःच्या कमरेला पांढरा आणि बाबांच्या कमरेला तांबडा पट्टा बांधला होता. ते दिवसभर त्यावरून बोटं फिरवत होते.

गाडी फाटकाशी थांबली, इंजिन चालूच राहिलं. त्याच वेळी बाबा खोलीच्या दारात आले. डोळे परके.

"कोण गं तू? बाहेर हो!"

मूठ आली. तिचा हात वर उठायला निघाला. तिने तो खाली दाबला. ठोसा जबड्यावर बसला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती मागे सरली नाही. ती आत शिरली, छाती छातीला लावली, हात त्यांच्या पट्ट्यात घातले आणि डोळे मिटून दुसऱ्या ठोशाची वाट पाहू लागली.

तो आला नाही. दोन हात तिच्या कमरेशी चाचपडले, पांढरा पट्टा त्यांना सापडला, आणि बोटं त्यात खालून अशी वळली की तिचे पायच जमिनीत रुतले. हनुवटी तिच्या खांद्यावर येऊन टेकली. ही पकड त्यांनी तिला कधीच शिकवली नव्हती.

दोघं तशीच उभी राहिली. बाबांचा श्वास हळूहळू खाली बसला.

मासानोरी उंबऱ्यात येऊन थबकला, एक बूट काढलेला, एक पायात. बाबांनी डोळे वर केले.

"पंच," ते अदबीने म्हणाले, "आम्ही तयार आहोत. आवाज द्या."

मासानोरीने बहिणीकडे पाहिलं. तिच्या ओठाच्या कडेला रक्त होतं, आणि बाबांच्या पाठीमागे तिने पट्टा धरला होता तो मुठी न वळता, नुसत्या बोटांनी.

"अजून नाही," तो म्हणाला. मग पंचासारखा हात वर करून त्याने पुन्हा सांगितलं. "अजून नाही. थांबा."

बाबांनी समजल्यासारखी मान हलवली. ती तिच्या खांद्यावर हललेली शिगेकोला जाणवली.

मासानोरी तसाच एका बुटावर बाहेर गेला. थोड्या वेळाने इंजिन बंद झालं.