बिनमाइकची दुपार

मंडईचा दिवस उजाडला की तलावकाठच्या त्या गावात दोन गोष्टींना ऊत येतो, मासळीच्या रश्श्याला आणि गप्पांना. साकोलीच्या त्या बाजूला दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई येतात, भरदिवसा दंडारीचं नाच-सोंग आणि गाणं होतं. यंदा बावीस वर्षांनी गाणाऱ्या कलाबाईंची पार्टी परत येणार होती. त्यामुळे चहाच्या टपरीवर सकाळपासून जो तो आपापले जुने कार्यक्रम उगाळत बसला होता.

पुंडलिकराव धान पिकवणारे, पण बोलायला बसले की यांना घरदार आहे की नाही अशी शंका यावी. पहिला कार्यक्रम त्यांनी बापाच्या खांद्यावरून पाहिला. सगळ्यात आवडला तो जवाहरनगरच्या फॅक्टरी-क्वार्टरांतला ऑर्केस्ट्रा. "अन् हुकला तो कलाबाईचा," ते दर मंडईला सांगत तसंच म्हणाले. "मंडपात होतो जी मी! जनरेटर बंद पडला, बाई बिनमाइकची गायली. तिचं तोंड तलावाकडं, मी तिच्या पाठीकडं, मंडपात पार मागं, बाजूले लेकरं रडून राहिले. काईच आयकू आलं नाई."

टपरी हसली. कोपऱ्यातला मासेमार गोपीचंद हसला नाही.

बावीस वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी तो तलावात होता, छातीभर पाण्यात. मंडईसाठी मासेमार सोसायटीचं महाजाळ लागलं होतं. एका टोकाची दोरी गोपीचंदच्या हातात, दुसऱ्या टोकाची त्याच्या मित्राच्या, खेमराजच्या. घेर जवळजवळ मिटला होता आणि तेवढ्यात पाण्यावरून तो आवाज आला. आधी वाटलं, कुणी आपल्यालाच हाक मारतंय. मग सूर चढला आणि वरच थांबला. तलावाचं पाणी इतकं स्वच्छ आवाज वाहून आणतं हे जन्म पाण्यात गेलेल्या गोपीचंदलाही माहीत नव्हतं. अंगावर काटा आला, डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा दोरी हातात नव्हती.

त्यानं झडप घालून ती पकडली, पण रोहू-कतला केव्हाच पसार झाले होते. काठावरच्यांना दिसली ती खेमराजची दोरी, पाण्यावर तरंगताना. आपण ढील दिली म्हणून पलीकडं झटका बसून खेमराजची दोरी सुटली, हे गोपीचंदला पक्कं ठाऊक होतं. तरी तोंडातून शब्द फुटला नाही. पाहुण्यांच्या ताटात त्या वर्षी नुसतं वरण पडलं आणि खेमराजचं नाव 'ढिल्या' पडलं. त्यानंही मुकाट ऐकून घेतलं, पुन्हा कुठल्या कार्यक्रमाला म्हणून गेला नाही. आपल्या जिवाभावाच्या माणसाला आपण गाण्यातून उठवलं, ही बोच गोपीचंदला बावीस वर्षं झोंबत होती. आज नाही सांगितलं तर कधीच नाही, कारण कलाबाईंनी ही शेवटची मंडई म्हणून कळवलं होतं.

तो चहा अर्धा टाकून उठला.

खेमराज घाटावर डोंग्यातलं पाणी उपसत होता.

"चाल ना गा, बाई आली."

"तू जा. मले नाई जमत."

"काहून नाई जमत?" गोपीचंदचा आवाज फाटला. "खेमराज, दोरी मीच सोडलो होतो. आवाज आला अन् हातच राहिले नाई माये. तुयावर आलं अन् मी गप्प बसलो. लय नीच काम केलो मी."

खेमराजच्या हातातला डबा थांबला. तो डोंग्यात उठून उभा राहिला. आता हा डबा आपल्या डोक्यात घालणार, आणि घालावाच, असं गोपीचंदला वाटलं.

"कवा सोडलास?" खेमराजनं विचारलं.

"सूर वर गेला अन् थांबला ना, तवा."

"खाली येते का नाई येते, असं झालं तवा?"

"हो."

खेमराज मटकन डोंग्यात बसला. "मी बी तवाच सोडलो," तो म्हणाला. "मुद्दाम नाई गा. सुटलीच. गावाचा घास गेला माया कानापायी, म्हणून गाणंच सोडून देलो मी."

एका बाईनं जाळ्याच्या दोन टोकांवरच्या दोन माणसांच्या मुठी एकाच क्षणी उघडल्या होत्या! गोपीचंदचे डोळे भरून आले, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

मंडपाकडून पेटीचा आवाज आला. गोपीचंद तिकडं निघाला, तर खेमराजनं त्याचा सदरा धरला.

"तिकडं कायले? मागं बसून पुंडलिकरावावानी लेकरं आयकू?"

डोंग्यातलं जाळं त्यांनी घाटावरच ठेवलं. डोंगा तलावाच्या मधोमध नेऊन उभा केला, वल्हं आत घेतलं. कलाबाईंचा आवाज आता म्हातारा झाला होता, काठाकाठानं जपून चालत होता. मग तो चढला, थरथरला आणि वरच थांबला.

दोघांनी एकमेकांच्या हातांकडं पाहिलं. या खेपेला सोडायला त्या हातांत काहीच नव्हतं.