मतदानाच्या रांगेतली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, घडी घालता येणारी. माझा जन्म अमेरिकेत, जॉर्जियातल्या एका सुताराच्या शेडमध्ये झाला आणि टॉलिव्हर कुटुंबाने मला विकत घेतले. टॉलिव्हर म्हणजे आमच्या गावातल्या काळ्या लोकांचे अंत्यसंस्कार करणारे घराणे. माझ्या पाठीवर त्यांचे नाव कोरलेले आहे. अंत्यविधी नसला की मी चर्चच्या तळघरात असे. रविवारच्या जेवणालाही आमच्याच पंगती मांडत. त्यामुळे माझ्यावर बसून लोक ढसाढसा रडले आहेत आणि त्यांनी तळलेल्या माशांवर आडवा हातही मारला आहे.

१९६६ साली माझे नशीब फळफळले. त्याआधी आमच्या चर्चमधल्या अल्मेटाच्या वडिलांना मतदार नोंदणीच्या कचेरीतल्या गोऱ्या कारकुनाने दोनदा परत पाठवले होते. तो कायद्यातले एखादे कलम वाचायला लावायचा आणि "अर्थ चुकला" म्हणायचा. अशा परीक्षांना बंदी करणारा नवा कायदा आला, तसे ते आणि अठरा वर्षांची अल्मेटा मतदानाला निघाले. वडिलांचा गुडघा दुखरा, म्हणून तिने मला खांद्यावर घेतले. पुढे टॉलिव्हरांनी मला तिलाच देऊन टाकले. तेव्हापासून एकही मतदान आम्ही दोघींनी चुकवले नाही. माझ्यासारखी मीच, असा माझा तोरा होता.

मग आली ती निळी. कापडाची, हलकीफुलकी, पेला ठेवायला शिवलेला खिसा. अल्मेटाची नात डेनेशा तिला अटलांटाहून घेऊन आली.

"बिग मामा, यात बसून बघ. त्या लाकडाने पाठ सोलून निघते तुझी."

अल्मेटा बसली आणि म्हणाली, "अगं, ही खुर्ची आहे की पाळणा!"

अठ्ठावन्न वर्षांत माझ्याविषयी ती असे एकदाही बोलली नव्हती. माझा नुसता जळफळाट झाला.

त्या वर्षी निवडणूक मंडळाने पाच मतदान केंद्रे मिळून एकच केले होते. चर्चमधले आमचे केंद्रही गेले. खर्च वाचतो म्हणे. सगळे गाव एका शाळेसमोर उभे. नऊ वाजता अल्मेटा निळीवर बसून रांगेला लागली. "तिलाही असू दे गं," असे ती म्हणाली म्हणून मला घरच्या छोट्या ट्रकच्या मागे टाकले होते. तिथून मला सगळे दिसत होते, आणि प्रत्येक वेळी ती निळीवर रेलली की मी जळत होते.

आमच्याकडची रीत अशी, की रांगेत खुर्ची ठेवून गेलात तर जागा तुमचीच. रांग सरकली की मागचे लोक खुर्ची पुढे सरकवतात. अकराच्या सुमाराला अल्मेटा स्वच्छतागृहात गेली. परत आली तर रांगेत सहा निळ्या खुर्च्या, सगळ्या एकाच दुकानातल्या. ती बिनधास्त एकीवर बसली.

"ही माझी आहे," एक तरुण बाई म्हणाली. "तुमची मागे असेल. पुढे घुसायची बरी युक्ती आहे हो!"

सगळ्यांनी वळून पाहिले. अल्मेटा उठली आणि ट्रककडे चालू लागली. खोटे कशाला बोलू? मला आनंद झाला. बघ म्हटले, कर आणखी त्या निळीचे कौतुक!

"चल घरी," ती डेनेशाला म्हणाली. "शहात्तर वर्षांची झाले, कधी रांग मोडली नाही मी."

"आणि मत, बिग मामा?"

"राहू दे. मोजू देत त्यांना माझ्याशिवाय." आधारासाठी तिने हात टेकला तो माझ्यावरच. "पहिल्यांदाच मत न देता परत चाललेय."

मित्रांनो, त्या कारकुनाला जे हवे होते, तेच घडावे म्हणून मी टपून बसले होते. मला माझीच लाज वाटली.

इतक्यात होझिया पिटमन आले. आमच्या गावचे न्हावी, चर्चच्या नात्याने तिचे भाऊ, रांगेत तिच्या मागे होते.

"सिस्टर अल्मेटा, निघालात कुठे? नऊ वाजल्यापासून तुमचीच पाठ बघतोय मी. माझ्या पुढची जागा तुमची!" त्यांनी मला उचलले आणि रांगेत नेऊन आपल्या पुढे उघडले. "ही टॉलिव्हरांची खुर्ची आहे. हलवून दाखवा कुणी! आज ना उद्या सगळ्यांनाच त्यांच्या दारात जायचंय."

रांग खो खो हसली. ती तरुण बाईही ओशाळून म्हणाली, "चुकलं माझं, मिस अल्मेटा." अल्मेटा माझ्यावर बसली. दोन वाजता तिने मत दिले.

घरी जाताना डेनेशाला जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या श्रीमंत वस्तीतल्या मैत्रिणीचा फोन आला. "काय? आठ मिनिटांत मत देऊन झालं?... खुर्च्या भिंतीलाच टेकवलेल्या? कुणी बसलंच नाही?"

अल्मेटा घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

निळीवरचा माझा राग त्या दिवशी संपला. आता मला हेवा वाटतो तो उत्तरेकडच्या त्या भिंतीला टेकलेल्या खुर्चीचा. जुन्या वस्तू जपा, वापरत राहा, असे मी तुम्हाला सांगायला हवे. माझा एक खिळा सैल झाला आहे, तो कोणी ठोकला तर बरेच होईल. जेवणाला न्या, रडायला न्या. मतदानाच्या दिवशी मात्र मला घरीच ठेवा. अल्मेटाला बसावेसे वाटायच्या आत तिचे मत देऊन होऊ दे.