पाकीट क्रमांक एकोणीस

तिने पट्टीच्या कडेने पाकिटाचं तोंड फाडलं, आतली फाईल अर्धी बाहेर ओढली आणि पहिल्याच पानावर आईची सही पाहिली.

ओळखायला वेळ लागला नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर दहा वर्षं पाहिलेली सही, शेवटचं अक्षर ओळीखाली घसरणारी. तिने फाईल परत आत ढकलली, पाकिटावरचा आकडा वाचला आणि यादीशी ताडून पाहिला. एकोणीस. बरोबर होतं.

सोमवारी तपासणीचं पथक येणार होतं. त्याआधी मयत रुग्णांच्या फायली बंद करून खालच्या कपाटात लावायच्या, हे तिचं काम. डॉक्टरांनी सकाळी अशा फायलींचा ट्रे पाठवला होता. आई जाऊन दोन महिने झाले होते; हेही पाकीट त्यांनी सवयीने त्यातच ठेवलं असणार.

पाकिटांचा नियम तिचाच. तिच्या आधीच्या कारकुनाने स्वतःच्या वहिनीची फाईल वाचून घरभर बोभाटा केला होता. वहिनी पुन्हा दवाखान्याची पायरी चढली नाही. सहा वर्षांपूर्वी नोकरीला लागताच तिने ठरवून दिलं, इथे काम करणाऱ्यांच्या नातेवाइकांच्या फायली बंद पाकिटात राहतील. वर नाव नाही, फक्त आकडा. रुग्ण हयात असेपर्यंत पाकीट उघडणार फक्त डॉक्टर आणि सिस्टर. तेव्हापासून डॉक्टर तिला कुलूप म्हणत. कोणी शेजाऱ्यापाजाऱ्याची चौकशी करायला आलं की आतून आवाज यायचा, "आमच्या कुलपाला विचारा." तिला ते आवडायचं.

तिने फाईल पुन्हा बाहेर काढली.

आठ महिने. चौदा भेटी, सगळ्या गुरुवारी दुपारच्या. गुरुवारी दुपारी ती आठवड्याचा अहवाल द्यायला आरोग्य कार्यालयात जात असे. हृदयाचे स्नायू कमकुवत. सूज. जिने चढताना धाप. औषध वाढवले. शस्त्रक्रिया झेपणार नाही, रुग्णास कल्पना दिली.

जिने. भाजीची पिशवी घेऊन आई दुसऱ्या मजल्यावर थांबायची आणि ती वरून ओरडायची, "आई, अगं किती वेळ? जरा हालचाल ठेव, अंग जड होत चाललंय." खालून उत्तर यायचं, "तू हो पुढे. मी येतेच."

शेवटच्या पानावर संमतीचा फॉर्म होता. तिनेच तयार केलेला, याच टेबलावर. आजाराची माहिती कोणाला द्यावी, या प्रश्नापुढे आईने लिहिलं होतं, 'कोणालाही नाही. मुलीला तर नाहीच.' खाली साक्षीदार म्हणून सिस्टरची सही.

"स्टेपलर आहे का गं तुझ्याकडे?" म्हणत सिस्टर आत आल्या आणि दारातच थांबल्या. "ते तुझ्याकडे यायला नको होतं."

"आलं."

सिस्टरनी दार लोटून घेतलं. त्या बसल्या नाहीत.

"रोज माझ्यासमोर बसून जेवत होतात तुम्ही."

"हो."

"आई आळशी झालीये म्हणून मी सांगत होते, तेव्हाही."

"तेव्हा घास उतरत नव्हता माझा." सिस्टर एप्रनच्या खिशातलं पेन काढून पुन्हा तिथेच ठेवत होत्या. "त्यांनी हात धरून सही घेतली माझी. म्हणाल्या, पोरगी नोकरी सोडून उशाशी बसेल. मला ते बघवायचं नाही."

"नुसतं एकदा म्हणायचं. आईला दाखवायला घेऊन ये, एवढंच."

"तेही नाही चालत. आडूनसुद्धा सुचवायचं नाही. फॉर्मवर तुझीच ओळ आहे ती."

होतीच. तिसरी ओळ. हिची काय गरज, म्हणून डॉक्टरांनी ती खोडली होती आणि तिने भांडून पुन्हा घातली होती.

आपण आईबद्दल कुरकुर केली की सिस्टर काय म्हणायच्या, ते तिला आठवलं. "राहू दे गं. जेवून घे आधी." आणि मान वर न करता डब्याचं झाकण उघडायच्या. तिला वाटायचं, सिस्टरना भूक लागलीये.

थोड्या वेळाने डॉक्टर स्वतः आले. आई खुर्चीत बसल्या बसल्या गेली, त्या सकाळी घरी येऊन "असं अचानक होतं कधीकधी," म्हणणारे तेच.

"चूक माझी. ते पाकीट ट्रेमध्ये जायला नको होतं."

"मयताची फाईल ट्रेमध्येच जाते, डॉक्टर. नियमाने तेच बरोबर आहे."

ते काहीतरी बोलणार होते. तिने रजिस्टर पुढे ओढलं. फाईल कोणी उघडली, वेळ, कारण, रुग्णाशी नातं. चौथा रकानाही तिनेच वाढवलेला. सहा वर्षं सगळे त्यात आडवी रेघ ओढत आले होते. तिने पहिले तीन भरले, पेन थोडा वेळ धरून ठेवलं आणि लिहिलं, 'मुलगी'. मग पाकिटाला नवी चिकटपट्टी लावून ते खालच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप ओढून पाहिलं.

संध्याकाळी घरी जाताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबली. कठड्याचा रंग एका जागी, हात टेकण्याएवढा, उडाला होता. याआधी तिच्या ते कधी लक्षात आलं नव्हतं.

बाबा टेबलापाशी बसले होते. दोन महिने रोज याच वेळी ते हेच बोलत.

"मी दोनदा म्हणालो तिला, दाखवून येऊ. हसण्यावारी नेलं तिने. तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं मी."

ती हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू ठेवला.

"तू विचारणार होतीस ना तुझ्या डॉक्टरांना?" ती बाहेर आल्यावर बाबा म्हणाले. "वेळेवर नेलं असतं, तर वाचली असती का? विचारलंस?"

बाबा तिच्याकडे बघत होते. आठवड्याची दाढी, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. एक वाक्य बोललं असतं, तरी त्यांना रात्री झोप लागली असती.

ती समोरच्या खुर्चीत बसली.

"राहू द्या ना, बाबा. जेवून घ्या आधी," ती म्हणाली आणि मान वर न करता डब्याचं झाकण उघडू लागली.