उसनी विजार

पाविया कुत्र्यांच्या स्लेजगाडीच्या दोऱ्या आवळत होता. एनोक येऊन शेजारी उभा राहिला आणि आढेवेढे न घेता म्हणाला,

"तुझी अस्वलाच्या कातड्याची विजार लागेल मला. आजच्यापुरती."

पावियाने गाठ पुरती केली, मगच वर पाहिलं.

"का रे? दुकानात थंडी वाढली का?"

"टीव्हीवाल्यांना हवीय. या कपड्यांत मी शिकारी वाटत नाही म्हणतात."

"नाहीसच तू शिकारी."

"ते त्यांना कुठे ठाऊक आहे?" एनोक हसला.

एनोक त्याचा चुलतभाऊ. काही वर्षांपूर्वी त्याने स्लेज ओढणारी आपली सगळी कुत्री मारून टाकली आणि गावातल्या एकुलत्या एक दुकानात कामाला लागला. आता कुणा बड्या देशाच्या मनात ग्रीनलंड भरलं होतं, तेव्हापासून कॅमेरे घेऊन परके लोक गावात येत आणि विचारत, तुम्हाला कुणाचं व्हायचंय? दर वेळी त्यांना एनोकच सापडे. रुंद चेहरा, मोकळं बोलणं. कुठल्याशा मासिकात त्याचा पानभर फोटोही आला होता. आमालियाने, पावियाच्या बायकोने, तो स्वयंपाकघरात चिकटवला. तेव्हापासून पाविया त्या भिंतीकडे पाठ करून जेवत असे.

"दे की," आमालिया दारातून म्हणाली. "कुत्रीही दे. बिचाऱ्याला शोभतं ते सगळं."

"माझी कुत्री मी कुणाच्या हाती देत नाही."

"मग तूही जा बरोबर."

तो गेला. विजार एनोकला बेतून शिवल्यासारखी बसली होती, ते त्याने वाटेत दोनदा पाहिलं.

यंदाही खाडी काठाकाठानेच गोठली होती. पुढे काळं पाणी. बर्फावर कॅमेरा लावून झाला, तेव्हा पत्रकार काहीतरी पुटपुटला. त्यांच्याबरोबर राजधानीहून आलेली दुभाषी मुलगी ओशाळून म्हणाली,

"काका, जरा बाजूला व्हाल? चित्रात येताय."

पाविया कॅमेऱ्यामागे जाऊन कुत्र्यांपाशी उभा राहिला. हातातला चाबूक तो उगाच गुंडाळत राहिला.

"कुणाचं व्हायला आवडेल?" मुलीने पत्रकाराचा प्रश्न सांगितला.

"आम्हाला विचारून ठरणार आहे का?" एनोक म्हणाला. सगळे हसले.

"कुत्री छान आहेत तुमची," पत्रकाराचं पुढचं वाक्य मुलीने सांगितलं.

पावियाचा हात थांबला. आता हा 'हो' म्हणेल, आणि जगभर तेच दिसेल.

एनोकने विजारीवरून हात फिरवला.

"माझी नाहीत. विजारही माझी नाही," तो म्हणाला. "माझी होती, चौदा. लागोपाठ दोन हिवाळे खाडीवर बर्फ धरला नाही. शिकारीला सीलपर्यंत पोचता येईना, कुत्र्यांपुढे टाकायला घरात काही नाही. एका सकाळी बंदूक घेऊन गेलो. नावाने हाक मारली की शेपूट हलवत पुढे येत होती."

मुलगी भाषांतर करायची थांबली.

"दुकानाच्या खिडकीसमोरून वाट जाते. हा पाविया रोज सकाळी आपली स्लेज घेऊन निघतो. मी तेवढा वेळ मागच्या कोठारात जाऊन बसतो. बघवत नाही मला."

हे सांगताना त्याने पावियाकडे पाहिलं नाही.

त्या दोन हिवाळ्यांत पावियाने सासुरवाडीहून मासे आणून आपली कुत्री जगवली होती. एनोकने मागितले नव्हते. पावियानेही विचारलं नव्हतं. पुढे मात्र चारचौघांत म्हणत असे, पगारासाठी सोन्यासारखी कुत्री मारली यानं.

शेवटी पत्रकाराला दूर जाणारी स्लेज टिपायची होती. पाविया स्लेजवर बसणार, तोच थांबला. त्याने चाबूक एनोकपुढे धरला.

"तू हाक."

"ऐकतील माझं?"

"नाही ऐकणार," पाविया म्हणाला. त्याला तसंच वाटत होतं.

एनोकने चाबूक उगारलाच नाही. घशातून नुसता एक हलका आवाज काढला. कुत्र्यांचे कान ताठ झाले, पुढची कुत्री उठली, दोऱ्या ताणल्या गेल्या आणि स्लेज सरळ रेषेत काठाकाठाने निघाली. पाविया बघत राहिला. एक तरी कुत्रं मागे वळून आपल्याकडे बघेल, म्हणून.

"काका, किती सुंदर पळतात ना?" मुलगी म्हणाली.

"हो," पाविया म्हणाला. "जरा जास्तच."

आणि तो स्लेजच्या खुणांवरून पायी चालू लागला.