अंगठा आणि तर्जनीच्या मधून

रोह्याच्या घाटावर आदेश सकाळपासून उजवी मूठ मिटून बसला होता. मुंडन झालं, आंघोळ झाली, पिंडांचा भात शिजत आला, तरी मूठ काही उघडली नाही. बापाचं दहावं होतं. थोड्या वेळाने ह्याच हाताने बापाला पाणी द्यायचं होतं, आणि ह्या हाताला अंगठा नव्हता.

अंगठा गेला त्याला बरीच वर्षं झाली. निडी गावातल्या घरामागे, खळ्यात, मळणी यंत्रात गेला. यंत्र चालू केलं होतं बापाने, महिपतीने. पेंढ्या घालत होता आदेश. चूक कोणाची म्हणाल तर कोणाचीच नाही, आणि असली चूकच माणसाला जन्मभर पुरते. भाकरीचा तुकडा मोडायला, सदऱ्याचं बटण लावायला आदेश चार बोटांनी शिकला. नागोठण्याच्या कंपनीत स्टोअरमध्ये चिकटला, लग्न केलं, सगळं रीतसर झालं. फक्त चारचौघांत हात जोडायची वेळ आली की तो रुमाल काढून तोंड पुसायला लागे. देवळात डाव्या तळव्याआड उजवा झाकून धरी. देवाला काय ते ठाऊकच होतं. लपवायचं असतं ते शेजारच्यापासून.

पण पितरांच्या पाण्याला पळवाट नाही. देवाला पाणी बोटांच्या टोकांवरून सोडतात, ते कोणालाही जमतं. पितरांचं सगळं उलटं. तोंड दक्षिणेला, डावा गुडघा जमिनीला, उपरणं उजव्या खांद्यावर, आणि पाणी सोडायचं ते उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीच्या मधून, हात कलता करून. आदेश लहान असताना महिपती सर्वपित्रीला त्याला अंगणात शेजारी बसवून हे दाखवायचा. "नीट बघ. उद्या मला असंच द्यायचं हाय," म्हणायचा आणि वर हसायचा.

अंगठा गेला आणि ते बसवणंही गेलं. दर सर्वपित्रीला आदेश जवळ आला की महिपती त्याला काही ना काही काम सांगून पिटाळायचा. "जा, केळीचं पान घेऊन ये." पान आणलं तर दुसरं आण. आणि स्वतः गोठ्याच्या कोपऱ्यात, घराकडे पाठ करून बसायचा. हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन आई, विमलबाई, तेवढी पुढ्यात असायची. आदेशला जे समजायचं ते समजलं. ह्या पोराच्या हातचं पाणी आपल्याला मिळायचं नाही, मग शिकवून काय उपयोग? बापाने असं तोंडाने कधी म्हटलं नव्हतं. त्या पाठीकडे बघून आदेशनेच ते म्हटलं, आणि ते त्याच्या मनात गळवासारखं ठसठसत राहिलं.

"आद्या, मी काय सांगतो ते ऐक." हैबतराव काका शेजारी येऊन उकिडवे बसले. महिपतीचा धाकटा भाऊ. डोळे रडून सुजले होते. "नितेशला बसव. तुझ्या बापाचा पुतण्या हाय, परका नाय. तू मागं दर्भ धरून उभा राहा."

"मुलगा मी हाय, काका."

"मी कुठं नाय म्हणतो? पण पाणी पोचाय नको? भाताला पाणी नाय मिळालं तर यंदाचंच पीक जाते. ह्याला नाय मिळालं तर माझा भाऊ तिकडं तहानेला फिरंल. सांग, मी काय करू?"

काका वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. एक सणसणीत उत्तर देऊन आदेश मोकळा झाला असता. पण काकाला ना जमीन हवी होती ना मान. त्याला खरोखरच भावाच्या तहानेची भीती वाटत होती, आणि भ्यालेल्या माणसाशी भांडता येत नाही. काकाचा मुलगा नितेश तेवढा पायरीवर मान खाली घालून पायाने शेवाळ खरवडत होता. त्याला ह्यातलं काहीच नको होतं.

आदेशला साहिल आठवला. साहिल त्याच्याच शिफ्टला. स्टोअरच्या मागे पुठ्ठा अंथरून नमाज पढायचा. कपाळ, नाक, दोन्ही हात, गुडघे, पायाची बोटं, सगळं कसं जमिनीला टेकलं पाहिजे ते त्याने एकदा डबा खाता खाता सांगितलं होतं. "आणि ज्याला वाकताच येत नाय त्यानं?" आदेशने विचारलं होतं. साहिल म्हणाला, "माझा बाप लकवा झाल्यापासून पडूनच पढतो. नुसती मान हलवतो. तसा कायदाच हाय आमच्यात." साहिलच्या बापासाठी कोणीतरी आधीच विचार करून ठेवला होता. आपल्यासाठी कोणी केला असेल का, हे आदेशला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची छाती होत नव्हती.

शेवटी त्याने विचारलंच. भटजी तरुण होते, रोह्याचेच, आणि माणूस सरळ. आदेशने पहिल्यांदा मूठ उघडून त्यांच्यापुढे धरली. भटजींनी हात बघितला, तोंड वाकडं केलं नाही.

"खरं सांगू? माझ्या गुरुजींना विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी सांगितलं असतं. ते आता नाहीत. मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण आपण दर्भाचा अंगठा करून बघू. दर्भ पवित्रच असतो."

त्यांनी दर्भाची जुडी वळली, दोऱ्याने आदेशच्या हाताला बांधली. हिरवा, टोकदार, हास्यास्पद अंगठा. आदेशने डावा गुडघा टेकला. समोर पत्रावळीवर पिंड, पलीकडे कुंडलिका नदी. भरती सुरू झाली होती. खालच्या दोन पायऱ्या आत्ताच पाण्याखाली गेल्या होत्या. घाटावरची माणसं गोळा होऊन बघायला लागली. मेलेल्या माणसापेक्षा जिवंत माणसाची फजिती बघायला लोकांना जास्त वेळ असतो.

"नाव, गोत्र म्हणा. हात कलता करा."

आदेशने हात कलता केला. भटजींनी पळीने पाणी घातलं. पाण्याच्या भाराने दर्भाची जुडी लवली, दोरा सरकला, आणि पाणी पिंडाकडे न जाता मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. काळे तीळ दंडाला चिकटून राहिले.

"आणखी एकदा," आदेश म्हणाला.

दुसऱ्यांदा जुडी सुटूनच पडली.

"बास!" हैबतराव ओरडले. "बास कर, आद्या! माझ्या भावाची अशी थट्टा नको. भटजी, पाणी चढतंय, आता खोळंबा नको. नितेश, ये पुढं. आद्या, ऊठ."

आदेश उठला नाही. नितेश पुढे आला पण बसला नाही. भटजी एकदा आदेशकडे बघत, मग नितेशकडे. कोणीतरी मागून म्हणालं, "ऊठ रे बाबा, हट्ट कशाला?" गुडघ्याखालचा दगड टोचत होता. उठलो तर आपण महिपतीचा मुलगा उरत नाही, आणि न उठलो तर बाप तहानेला राहतो. त्याने एक हात जमिनीला टेकला आणि उठायला लागला.

"बस तिथंच."

घाटाच्या वरच्या अंगाला बायका बसल्या होत्या. त्यांच्यातून विमलबाई उठून खाली येत होती. दहा दिवसांत तिच्या तोंडून धड शब्द निघाला नव्हता.

"वैनी, तू वर बस गो," हैबतराव म्हणाले. "बायांचं काम नाय इथं."

"भावजी, वर्षानुवर्षं तुमच्या भावाच्या हातावर पाणी मी घातलंय. मला नका सांगू कोणाचं काम ते." ती आदेशसमोर येऊन बसली. भटजींच्या पुढ्यातला तांब्या तिने उचलला. "सोड तो दोरा. दर्भ काढ."

आदेशने दोरा सोडला.

"तुझे बाबा सर्वपित्रीला घराकडं पाठ करून का बसायचे, ठाव हाय?"

आदेशला उत्तर माहीत होतं. ते त्याने इतकी वर्षं सांभाळलं होतं.

विमलबाईने आपला उजवा हात पुढे केला, अंगठा तळव्यात दुमडून घेतला आणि वर चार बोटं ठेवली. "असा हात करायचा. तुझा अंगठा गेला त्या सालापासनं. तुझ्या आज्याला, पणज्याला, सगळ्यांना असंच पाणी दिलं त्यांनी. पहिल्या साली मी म्हटलं, अहो, अंगठा बाहेर काढा, चुकतंय. तर म्हणाले, चुकत नाय. पाट काढतोय. उद्या पोरगा ह्याच वाटंनं पाणी सोडणार हाय मला. वाट आधी पडलेली असली म्हंजे पाणी अडत नाय."

आदेशने आपल्या चार बोटांकडे बघितलं.

"मला का नाय सांगितलं?" आदेशला एवढंच विचारता आलं.

"मी म्हटलं, पोराला दाखवा. तर म्हणाले, नको, बघितलं तर रडंल. आणि मी मरायची तयारी करतोय असं वाटंल त्याला." तिने तांब्या कलता केला. "तुला रडायला आता मोकळीक हाय. पण हात हलू देऊ नको."

आदेशने भटजींकडे बघितलं. भटजींनी हैबतरावांकडे बघितलंच नाही. डोळे पुसले आणि मंत्र म्हणायला लागले.

आदेशने हात पुढे केला. अंगठा होता तिथला गुळगुळीत वण उन्हात सगळ्यांना दिसत होता, आणि पहिल्यांदाच त्याला झाकावासा वाटला नाही. त्याने बापाचं नाव घेतलं. हात कलता केला. विमलबाईने पाणी घातलं. ते तर्जनीच्या बुडाशी, जिथे अंगठा असायला हवा होता त्या जागेवरून, सरळ, तिळांसकट पिंडावर पडलं. दर्भासारखं लवलं नाही की मनगटाकडे वळलं नाही. अडवायला तिथे होतं काय?

"घ्या बाबा," आदेश म्हणाला. हे मंत्रात नव्हतं.

तो उठला तेव्हा पाणी आणखी एक पायरी चढलं होतं. मग बाकीच्या भाऊबंदांनी पाणी द्यायचं होतं. हैबतराव पुढे येऊन बसले, डावा गुडघा टेकला, हात पुढे केला, आणि तसेच थांबले. अंगठा एकदा आत घेतला, पुन्हा बाहेर काढला.

"वैनी," ते म्हणाले, "मी कसं देऊ गो? माझं त्याला पोचंल ना आता?"

"तुमचा हात जसा हाय तसाच धरा, भावजी," विमलबाई म्हणाली आणि तांब्या आदेशच्या हातात दिला. "तू घाल काकाच्या हातावर."

आदेशने चार बोटांत तांब्या घट्ट धरला आणि काकाच्या हातावर पाणी घातलं.