पुढून दुसऱ्याची

तपासनीस बाई गाडीखाली सरपटत गेल्या, तेव्हापासून आत्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. भाच्याने खुर्ची पुढे केली. ती बसली, उठली, दाराशी जाऊन परत आली.

"आत्या, तुझ्यामुळे मलाच धडधडायला लागलंय," तो म्हणाला.

गॅरेजच्या मधोमध लाल, बुटकी, दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार चकाकत होती. विकणारा म्हणत होता, ही भाच्याच्या वडिलांचीच. अपघातानंतर भंगारातून उचलून नव्याने बांधलेली. त्या अपघातात वडील गेले तेव्हा तो रांगतही नव्हता. आत्यानेच त्याला वाढवलं. आता त्याला ही गाडी हवी होती, पण खरी असेल तरच. आत्याला मात्र ती खोटी निघायला हवी होती. तसं ती त्याला बोलली नव्हती.

बाई बाहेर आल्या. "सांगाड्यावरचा नंबर जुळत नाही. पुढचा भाग दुसऱ्याच गाडीचा आहे, मधे जोड दिलाय."

भाच्याचा चेहरा पडला. आत्याच्या जिवात जीव आला. "झालं तर मग. चल घरी."

"थांबा. पुढचा भाग अपघातात चेचला गेला असेल, तर तो बदलणारच. मागचा बघू दे." बाईंनी चालकाची सीट सोडवली, खालचा गालिचा उचलला. "इथे जादा भोकं आहेत. वाकडीतिकडी, कारखान्यातली नव्हेत. कुणी पाडली, काही ठाऊक?"

भाच्याने आत्याकडे पाहिलं. 'नाही' म्हटलं असतं तर सुटली असती. तो शब्द काही तोंडातून निघेना.

"त्यानेच," ती शेवटी म्हणाली. "बुटका होता, पाय पोचायचे नाहीत. सीट पुढे घेतली. मी टॉर्च धरला होता. ड्रिल घसरायचं आणि ओरडा मी खायचे."

भाचा खाली बसून भोकांवरून बोट फिरवत राहिला. "म्हणजे बाबांचीच."

"मागून त्यांची, पुढून दुसऱ्याची. मी तसंच लिहून देईन," बाई म्हणाल्या.

"मला चालेल."

"मला नाही चालणार!" आत्याचा आवाज चढला. "एकाला नेलंय तिनं."

"मग नको घेऊ?" त्याने मनापासून विचारलं.

ती पुन्हा दारापर्यंत जाऊन आली. "घे. नाहीतर जन्मभर मलाच बोल लावशील. पण मी तिच्यात बसणार नाही."

गाडी घरी आली. आत्या अजून तिच्यात बसलेली नाही. तो निघाला की ती गॅलरीत येते, आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत थांबते, आणि मग आवरलेलंच घर पुन्हा आवरत सुटते.